अक्षरं तीच, जागा वेगळ्या: जेफरसन यांना आलेलं सायफर कसं सुटलं

19 डिसेंबर 1801 रोजी रॉबर्ट पॅटरसन यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. पॅटरसन मूळचे आयर्लंडचे. फिलाडेल्फियात येऊन ते तिथल्या विद्यापीठात गणित शिकवत होते. पुढे ते अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचे प्रमुखही झाले. जेफरसन आणि ते एकाच विद्वत्सभेचे, अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचे, सभासद होते आणि गुप्तलेखन हा दोघांच्याही आवडीचा विषय होता. या पत्रात पॅटरसन यांनी स्वतः शोधलेली गुप्तलेखनाची एक नवी पद्धत, म्हणजेच एक सायफर, उदाहरणासह समजावून सांगितली आणि शेवटी एक नमुना जोडला. त्यात सुमारे चाळीस ओळी होत्या, प्रत्येक ओळीत साठच्या आसपास अक्षरं, आणि एकाही ओळीतून अर्थ निघत नव्हता. तो वाचायची किल्ली त्यांनी दिली नाही. जगातल्या सगळ्या माणसांची बुद्धी एकवटली तरी हे काळाच्या अंतापर्यंत सुटणार नाही, असं मात्र त्यांनी ठामपणे लिहून ठेवलं.

जेफरसन यांनी ते सोडवल्याचा कुठलाही पुरावा नाही. त्यांच्या कागदपत्रांबरोबर हा नमुना दोन शतकं तसाच पडून राहिला. तो सुटला लॉरेन स्मिथलाइन या गणितज्ञाकडून आणि ती उकल 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. ती कशी झाली हे समजायला गणिताची पदवी लागत नाही, थोडा धीर पुरतो.

राष्ट्राध्यक्षांना या गोष्टीत एवढा रस का होता, हे आधी पाहू. त्या काळी परदेशातल्या वकिलांशी, म्हणजे राजदूतांशी, होणारा सगळा व्यवहार पत्रांवर चाले. पत्र शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडून जाई, त्यात कित्येक आठवडे जात आणि वाटेत ते उघडलं जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट होती. फ्रान्समध्ये टपाल गुपचूप उघडून वाचणारं एक खातंच होतं. व्हिएन्नाचं असं खातं तर युरोपभर प्रसिद्ध होतं. लंडनमध्येही परक्या वकिलातींची पत्रं उलगडणारे पगारी लोक होते. लाखेचं सील इतक्या सफाईने काढून पुन्हा लावत की पत्र मिळणाऱ्याला संशयही येत नसे.

यावर त्या वेळचा उपाय म्हणजे आकड्यांचे कोश. शब्दांना, शब्दांच्या तुकड्यांना आणि सुट्या अक्षरांना एकेक आकडा ठरवायचा आणि पत्रात फक्त आकडे लिहायचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अशा कोशांत सतराशेच्या आसपास नोंदी असत. कोश चांगला असला तरी तो पाठ होत नाही. तो कागदावर असतो, दोन्ही टोकांना असावा लागतो आणि चोरीला गेला किंवा नुसती नक्कल झाली तरी सगळी जुनी पत्रं उघडी पडतात. नवा कोश पॅरिसला पाठवायचा तर पुन्हा तेच जहाज आणि तीच जोखीम. जेफरसन यांनी स्वतः यावर एक यंत्र योजलं होतं. एका दांड्यावर ओवलेल्या 36 लाकडी चकत्या, प्रत्येकीच्या कडेवर उलटसुलट क्रमाने मुळाक्षरं. कल्पना इतकी पक्की होती की 1922 मध्ये अमेरिकन सैन्याने जवळपास तशीच चकत्यांची साधनं वापरायला घेतली. पण हे यंत्र प्रत्येक वकिलाकडे असावं लागणार होतं.

पॅटरसन यांना कोशही नको होता आणि यंत्रही नको होतं. चांगल्या सायफरला त्यांनी चार अटी घातल्या. ते कुठल्याही भाषेला चालावं, सहज शिकता यावं आणि लक्षात राहावं, लिहायला-वाचायला सोपं असावं, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते अजिबात उलगडू नये. यातली शेवटची अट नीट वाचण्यासारखी आहे. पद्धत लपवा असं त्यात म्हटलेलं नाही. पद्धत सगळ्यांना ठाऊक असली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती किल्ली. गुप्तलेखनाच्या शास्त्रात हा विचार ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांच्या 1883 च्या लेखाच्या नावावर आहे, पण पॅटरसन यांच्या पत्रात तो ऐंशी वर्षं आधी दिसतो. मला या पत्रातली ही सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट वाटते.

आता पद्धत. मजकूर लपवायचे ढोबळमानाने दोन मार्ग. एक, प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं काहीतरी लिहायचं. दुसरा, अक्षरं तीच ठेवायची आणि त्यांच्या जागा बदलायच्या. पहिल्याला अक्षरबदल म्हणू, दुसऱ्याला क्रमबदल. पॅटरसन यांची पद्धत क्रमबदलाची. अनोळखी मजकूर समोर आला की तो यातला कुठला हे ओळखणं सोपं असतं, कारण जागा बदलल्या तरी अक्षरांची मोजदाद बदलत नाही. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त येतं, ‘टी’ त्याच्या मागोमाग, आणि ‘झेड’ क्वचित. गूढ मजकुरातही हेच प्रमाण दिसलं तर अक्षरं मूळचीच आहेत, फक्त विस्कटली आहेत, हे नक्की.

पॅटरसन यांची कृती मराठीत करून पाहू. संदेश समजा असा: दूत परवा रात्री जहाजाने निघेल पैसे पाठवावे. शब्दांमधल्या जागा काढून टाकायच्या आणि मजकूर आडवा न लिहिता वरून खाली लिहायचा. चार ओळी ठरवल्या तर पहिल्या उभ्या रांगेत दू, त, प, र. दुसरीत वा, रा, त्री, ज. आणि असंच पुढे. वीस अक्षरांची पाच उभ्या रांगांची चौकट अशी तयार होते:

1. दू वा हा घे पा
2. त रा जा ल ठ
3. प त्री ने पै वा
4. र ज नि से वे

आता किल्ली. ती म्हणजे दोन-दोन आकड्यांच्या जोड्या, समजा 32, 10, 43, 21. प्रत्येक जोडीतला पहिला आकडा कुठली ओळ उचलायची ते सांगतो आणि दुसरा त्या ओळीच्या सुरुवातीला किती बिनकामाची अक्षरं घुसवायची ते. या बिनकामाच्या अक्षरांना आपण भरती म्हणू. 32 म्हणजे तिसरी ओळ आधी घ्या आणि तिच्यापुढे दोन अक्षरांची भरती टाका. मग पहिली ओळ, भरती नाही. मग चौथी, तीन अक्षरांची भरती. मग दुसरी, एका अक्षराची. शेवटी ओळींची लांबी सारखी दिसावी म्हणून उजवीकडेही हवी ती अक्षरं जोडायची. मी मनाला येईल ती भरती टाकली, तेव्हा हे तयार झालं:

गो मी प त्री ने पै वा ब
दू वा हा घे पा का ळे म
ता ख डे र ज नि से वे
सू त रा जा ल ठ ने टी

हे कागदावर करून पाहा. लिहायला दोन मिनिटं लागतात, किल्ली माहीत असेल तर वाचायला त्याहून कमी. आणि ज्याला किल्ली माहीत नाही त्याला यात दूत, जहाज, पैसे यांतलं काहीही दिसत नाही. मजकूर मोठा असेल तेव्हा पानावर चाळीस-पन्नास ओळी होतात. मग त्या वरपासून जास्तीत जास्त नऊ-नऊ ओळींच्या गटांत तोडायच्या आणि प्रत्येक गटाला तीच किल्ली लावायची. ‘प्रत्येक गटाला तीच किल्ली’ हे लक्षात ठेवा.

शक्य किल्ल्यांची संख्या पॅटरसन यांच्या हिशोबाने नव्वद लाख कोटींहून जास्त होती. 9 च्या पुढे तेरा शून्यं. माणसाने सेकंदाला एक किल्ली तपासली तरी लाखो वर्षं पुरणार नाहीत. या संख्येवरच त्यांचा सगळा भरवसा होता.

जेफरसन यांचाही बसला. 22 मार्च 1802 च्या उत्तरात त्यांनी कळवलं की आपल्या चकत्यांच्या यंत्रापेक्षा ही पद्धत वापरायला कितीतरी सोयीची आहे आणि परराष्ट्रमंत्र्यांनी ती त्यांच्या खात्यात वापरावी असं आपण सुचवत आहोत. नुसतं सुचवून ते थांबले नाहीत. 18 एप्रिल 1802 रोजी त्यांनी पॅरिसमधले अमेरिकन वकील रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांना जे पत्र लिहिलं, ते अमेरिकेच्या इतिहासात गाजलेलं आहे. न्यू ऑर्लिन्स फ्रान्सच्या ताब्यात गेलं तर आपल्याला ब्रिटनच्या आरमाराशी गाठ बांधावी लागेल, असा इशारा त्यात आहे. पत्र फ्रान्सला निघालेल्या विश्वासातल्या माणसाच्या, द्यूपाँ द नमूर यांच्या, हाती पाठवलं होतं. आणि या पत्राच्या अगदी सुरुवातीला जेफरसन सांगतात की सोबत एक सायफर पाठवत आहे. समजायला थोडा त्रास होईल, पण एकदा समजलं की वापरायला याच्याइतकं सोपं आणि उलगडायला याच्याइतकं अवघड मी दुसरं पाहिलेलं नाही. ज्या वाटाघाटींतून पुढच्याच वर्षी, 30 एप्रिल 1803 रोजी, दीड कोटी डॉलरना लुइझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेने विकत घेतला, त्यांच्या तोंडावर हे सायफर पॅरिसला पोचलं होतं. परराष्ट्र खात्याचा रोजचा व्यवहार मात्र आकड्यांच्या कोशांवरच चालत राहिला.

आता स्मिथलाइन यांच्याकडे येऊ. ते प्रिन्स्टनमध्ये गुप्तसंदेशांच्या गणितावर काम करणाऱ्या संस्थेत होते. त्यांच्या शेजारी राहणारी व्यक्ती जेफरसन यांच्या कागदपत्रांच्या संपादनाच्या प्रकल्पात होती आणि तिच्याकडून त्यांना 2007 मध्ये या न सुटलेल्या नमुन्याबद्दल कळलं.

नव्वद लाख कोटी किल्ल्या एकेक करून तपासायच्या नव्हत्याच. प्रवासी बॅगेचं चार आकडी कुलूप असतं ना, त्याच्या दहा हजार जुळण्या होतात. पण कुलूप हलक्या दर्जाचं असेल आणि प्रत्येक चाक बरोबर आकड्यावर आलं की हाताला किंचित अडकल्यासारखं जाणवत असेल, तर दहा हजार वेळा फिरवायची गरजच नाही. पहिलं चाक दहा वेळा, दुसरं दहा वेळा, अशा चाळीस खटपटींत कुलूप उघडतं. पॅटरसन यांच्या सायफरमध्ये नेमकं हेच होतं. अर्धा अंदाज बरोबर आला तर तो बरोबर आहे हे मजकूर स्वतःहून सांगतो.

कसं सांगतो, ते आपल्या मराठी उदाहरणात पाहा. मूळ पहिली आणि दुसरी ओळ योग्य रीतीने एकाखाली एक ठेवली की उभ्या जोड्या मिळतात: दू-त, वा-रा, हा-जा, घे-ल, पा-ठ. प्रत्येक जोडी मूळ मजकुरातली सलग अक्षरं आहे, म्हणून ओळखीची वाटते. तीच दुसरी ओळ एक घर सरकवली की होतं दू-रा, वा-जा, हा-ल, घे-ठ. यातल्या एकदोन जोड्या योगायोगाने चालूनही जातील, पण सगळ्या मिळून बघितल्या तर फरक पडतो. म्हणजे पूर्ण किल्ली माहीत असण्याची गरजच नाही. फक्त दोन ओळी घ्यायच्या, या एकमेकींच्या शेजारच्या आहेत का एवढाच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर मिळतं. पाच जोड्यांवर ते डळमळीत असतं. पॅटरसन यांच्या नमुन्यात दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की पन्नासेक जोड्या एकदम तपासता येतात, आणि पन्नास जोड्या सहसा फसवत नाहीत.

‘ओळखीची वाटते’ हे मोजायचं कसं? स्मिथलाइन यांनी त्यासाठी जेफरसन यांचाच मजकूर घेतला. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दरवर्षी जो अहवाल देतात त्यातली सुमारे 80,000 अक्षरं घेऊन त्यांनी अक्षरांची प्रत्येक जोडी किती वेळा येते ते मोजलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्याच वर्तुळातलं इंग्रजी हीच मोजपट्टी. इंग्रजीत ‘टी’नंतर ‘एच’ ही जोडी शंभरात साधारण तीनदा येते. नुसत्या योगायोगाने ती दोनशेत एकदाच यायला हवी होती, कारण ‘टी’ नऊ टक्के आणि ‘एच’ सहा टक्के, त्यांचा गुणाकार अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणून ही जोडी दिसली की अंदाजाला भरघोस गुण. ‘क्यू’नंतर ‘यू’ सोडून दुसरं काही आलं की गुण वजा. ज्या जोड्या भाषेत कधी येतच नाहीत त्यांना मोठी वजाबाकी. पन्नास जोड्यांचे गुण बेरजेत मांडायचे. बेरीज जास्त आली तर ओळी शेजारच्या.

आता कष्टाचा हिशोब. समजा गटात सात ओळी आहेत. कुठली ओळ कुठलीच्या खाली येते, याच्या 7 गुणिले 6 म्हणजे 42 शक्यता. दोन्ही ओळींच्या पुढे शून्य ते नऊ अक्षरांची भरती असू शकते, म्हणून एक ओळ दुसरीच्या तुलनेत नऊ घरं डावीकडे ते नऊ घरं उजवीकडे, अशा 19 प्रकारे सरकू शकते. 42 गुणिले 19 म्हणजे 798 तपासण्या. प्रत्येकीत पन्नास जोड्या धरल्या तरी चाळीस हजार छोट्या बेरजा. सात ओळींच्या पूर्ण किल्ल्यांची संख्या मात्र पाच हजार चाळीस कोटी. दोन आकड्यांमधली ही दरी म्हणजेच पॅटरसन यांची चूक.

गटात सातच ओळी आहेत हे आधी माहीत नसतं, हे खरं. पण इथे ‘प्रत्येक गटाला तीच किल्ली’ ही गोष्ट सोडवणाऱ्याच्या मदतीला येते. चाळीस ओळींत सातसातचे पाच पूर्ण गट पडतात आणि पाच ओळी उरतात. गटाची लांबी बरोबर धरली असेल तर पहिल्या गटात जी ओळ जिच्याखाली जितकी सरकून बसते, ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गटातही तशीच बसते. पाचही गटांची साक्ष एक होते. लांबी चुकीची धरली तर गटागटांचं आपसात जमत नाही. पन्नास जोड्यांचा पुरावा असा अडीचशेचा होतो. वेगवेगळ्या तुकड्यांचे गुण काढून त्यांतून सर्वांत चांगली साखळी कशी जोडायची, यासाठी स्मिथलाइन यांनी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ही संगणकशास्त्रातली रीत वापरली. मोठं कोडं लहान कोड्यांत तोडायचं, त्यांची उत्तरं टिपून ठेवायची आणि ती पुन्हापुन्हा न काढता जोडत जायचं. डीएनएचे दोन धागे एकमेकांशी जुळवून पाहताना जीवशास्त्रज्ञ हीच रीत वापरतात. सगळं मिळून एक लाखापेक्षा कमी बेरजा पुरल्या.

निघालेली किल्ली अशी: 13, 34, 57, 65, 22, 78, 49.

आता ही आपल्याला वाचता येते. पानावरची पहिली ओळ ही मूळची पहिली, तिच्यापुढे तीन भरतीची अक्षरं, म्हणून कामाचं पहिलं अक्षर चौथं. मूळची दुसरी ओळ पानावर पाचवी आहे, भरती दोन, म्हणून तिचं तिसरं अक्षर घ्यायचं. मूळची तिसरी पानावर दुसरी, तिचं पाचवं अक्षर. चौथी पानावर सगळ्यात खाली, सातवी, तिचं दहावं. अशी सात ओळींतून सात अक्षरं उचलली की येतात आय, एन, सी, ओ, एन, जी, आर. पुढच्या गटांतून हेच करत खाली उतरलं की शब्द पुरे होतात: इन काँग्रेस, जुलै फोर्थ, वन थाउजंड सेव्हन हंड्रेड अँड सेव्हंटी सिक्स.

4 जुलै 1776. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सुरुवात! म्हणजे जो मजकूर जेफरसन यांनी स्वतः लिहिला होता, तोच पॅटरसन यांनी कुलपात घालून त्यांच्याकडे पाठवला होता. स्नेह्याला दिलेली किती सुंदर भेट होती ती, आणि ती न उघडताच राहिली याची मला खरोखर हळहळ वाटते. शिवाय आत काय असेल याचा नुसता अंदाज आला असता तरी काम फार हलकं झालं असतं. मजकुरातला एखादा तुकडा आधीच माहीत असणं यासारखी मदत गुप्तलेख सोडवताना दुसरी नाही. ‘व्हेन इन द कोर्स ऑफ ह्यूमन इव्हेंट्स’ ही जाहीरनाम्यातली अक्षरं कुठल्या ओळींत पडली असतील, एवढं शोधत बसलं असतं तरी किल्ली हळूहळू बाहेर आली असती.

हे 1802 मध्ये सुटलं असतं का? माझ्या मते, हो. एक लाख बेरजा एका माणसाला महिनोन्महिने पुरल्या असत्या. पण टपाल उलगडणाऱ्या कचेऱ्यांत चारदोन कारकून सहज बसवता आले असते, आणि एका साम्राज्याचा सौदा पणाला लागलेला असताना तेवढा खर्च कोणीही केला असता. संगणकाने वेळ वाचवला, पण नसता तरी काम अडलं नसतं. नव्हता तो विचार. अक्षरं एकेकटी किती येतात ही मोजणी अरब विद्वान अल-किंदी यांनी नवव्या शतकात सांगून ठेवली होती. क्रमबदलापुढे ती निरुपयोगी ठरते, कारण अक्षरं तीच राहतात. जोड्या मोजाव्यात आणि त्या मोजणीला गुण देऊन अंदाज तपासावेत, हे पॅटरसन यांच्या हिशोबात नव्हतं. त्यांनी फक्त किल्ल्या मोजल्या.

पुढच्या काळात क्रमबदलाचे बरेच संदेश हाताने सुटले, ते अशाच फटीतून. 1876 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत निकालावरून मोठा वाद झाला, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या माणसांनी एकमेकांना पाठवलेल्या सांकेतिक तारा नंतर हाती लागल्या. त्यांत शब्दांचा क्रम उलटसुलट केलेला होता. न्यूयॉर्क ट्रिब्यून या वर्तमानपत्रातले जॉन हॅसार्ड आणि विल्यम ग्रॉव्हनर यांनी सारख्याच शब्दसंख्येच्या तारा एकाखाली एक मांडल्या. एका तारेत एखादा शब्द तिथून इथे हलवला की बाकीच्या तारांतही तोच बदल करून पाहायचा. सगळ्यांत एकदम अर्थ लागला तर क्रम बरोबर. 1878 मध्ये त्या तारा छापून आल्या आणि मतं विकत घेण्याची बोलणी चव्हाट्यावर आली. 1914 मध्ये जर्मन सैन्याचे दुहेरी क्रमबदलाचे, म्हणजे दोनदा विस्कटलेले, संदेश फ्रेंचांनी फोडले तेही एकाच लांबीचे, एकाच किल्लीने लिहिलेले संदेश एकाखाली एक ठेवूनच. पॅटरसन यांच्या एका पानातले पाच गट म्हणजे अशाच पाच तारा होत्या.

पॅटरसन यांच्या पहिल्या अटीबद्दल, कुठल्याही भाषेला चालावं या अटीबद्दल, मराठी वाचकाला वेगळं काही दिसेल. मी वर पूर्ण अक्षरं एकत्र ठेवली: त्री हे एक घर, वा हे एक घर. असं केलं की वेगवेगळ्या अक्षरांची संख्या सव्वीसवरून शेकड्यांवर जाते, जोड्यांचं कोष्टक प्रचंड मोठं होतं आणि ते भरायला ऐंशी हजार अक्षरं पुरत नाहीत. सोडवणाऱ्याचं काम अवघड होतं. पण सुटे धागे मिळतातच. सुटा ‘आ’ दिसला की त्याच्यानंतर ‘हे’ असण्याची शक्यता मोठी, ‘ना’नंतर ‘ही’ येण्याची बऱ्यापैकी. याउलट व्यंजनं आणि मात्रा वेगळ्या करून लिहिल्या, संगणक साठवतो तशा, तर सायफर फारच कमकुवत होईल. कारण मात्रा एकटी उभी राहू शकत नाही, तिच्याआधी व्यंजन हवंच. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या आणि कुठेही मात्रेखाली मात्रा आली, तर कोष्टक न बघताच ती जुळणी बाद. सातशे अठ्ठ्याण्णव तपासण्यांतल्या बहुतेक अशा एका नजरेत निकालात निघतील. ज्यांना हात आजमावायचा असेल त्यांनी परिच्छेदभर मराठी मजकूर घेऊन मित्राकडून दोन्ही प्रकारे लपवून घ्यावा आणि सोडवून पाहावा.

अर्ध्या बरोबर अंदाजाला गुण मिळू नयेत म्हणून काय करायचं, यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक उत्तर होतं ते दुहेरी क्रमबदलाचं. एकदा विस्कटलेला मजकूर दुसऱ्या किल्लीने पुन्हा विस्कटायचा. मग एक किल्ली अर्धीमुर्धी बरोबर आली तरी दुसरी तो सुगावा पुसून टाकते. जर्मन लेखक क्लाउस श्मे यांनी 2007 मध्ये अशा प्रकारचं एक आव्हान जगापुढे ठेवलं होतं. लांब किल्ल्या, एकच संदेश, मदतीला दुसरा कुठला मजकूर नाही. ते 2013 मध्ये जॉर्ज लास्री यांनी सोडवलं, आणि त्यांनाही आधी हेच शोधावं लागलं की पहिली किल्ली माहीत नसताना दुसरी किती बरोबर आहे याचे गुण कसे द्यायचे. तो गुण सापडल्यावर बाकीचं संगणकाने केलं.

आज फोनवरून जाणारे संदेश, बँकेचे व्यवहार, वेबसाइटशी होणारी बोलणी बहुतांशी एईएस या पद्धतीने लपवली जातात. अमेरिकेत ती नोव्हेंबर 2001 मध्ये प्रमाण पद्धत म्हणून जाहीर झाली. तिच्यात मजकुराचे सोळा बाइट (संगणकाच्या साठवणुकीतले छोटे तुकडे) चार ओळी आणि चार स्तंभांच्या चौकटीत वरून खाली लिहिले जातात. मग पहिली ओळ जागेवर ठेवतात, दुसरी एक घर सरकवतात, तिसरी दोन, चौथी तीन. पॅटरसन यांनी ही पायरी बघताक्षणी ओळखली असती. फरक एवढाच की सरकवण्याआधी प्रत्येक बाइट बदललेला असतो, सरकवल्यावर स्तंभ एकमेकांत कालवले जातात, किल्ली मिसळली जाते, आणि हा सगळा खटाटोप किल्लीच्या लांबीप्रमाणे दहा, बारा किंवा चौदा वेळा होतो. केवळ शेवटच्या फेरीत स्तंभ कालवत नाहीत. एवढ्या फेऱ्यांनंतर किल्लीतला एक बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, जरी चुकीचा धरला, तरी उलगडलेल्या मजकुरातले सुमारे निम्मे बिट उलटे येतात, म्हणजे नाणं उडवून लिहिल्यासारखे.